शहजादी जहाजावर नव्हतीच

नमस्कार श्रोतेहो.

१९८२ सालची गोष्ट. लालबागला आमच्या चाळीत गणपतीत दरवर्षी नाटक असायचं. त्या वर्षी तर ते हवंच होतं, कारण जानेवारीपासून गिरण्यांचा संप चालू होता आणि घरोघरी पुरुषमाणसं रिकामी बसली होती. आमच्याकडे एक मास्तर होते. गिरणीत साचेवाले, चाळीत नाटककार. त्यांनी त्या वर्षी समुद्रावरचं नाटक लिहिलं. चार बाकं जोडून जहाज केलं, वेळूची डोलकाठी उभी केली आणि तिला शीड म्हणून कुणाच्या तरी आजीचं जुनेर लुगडं बांधलं. पंखा लावला की शीड फुगायचं आणि काठाजवळचं ठिगळ दिसायचं.

नाटकाची गोष्ट अशी. एक इंग्रज खलाशी जहाजावर बंड करतो, चाचा होतो आणि औरंगजेबाचं खजिन्याचं जहाज पकडतो. त्या जहाजावर असते बादशहाची नात. नजरानजर होते, चाच्याच्या हातातली तलवार गळून पडते. ती म्हणते, "खजिना घे, पण माझ्या माणसांना सोड." तो म्हणतो, "खजिना नको. तू हवीस." चाळीत शिट्ट्या. शहजादीचं काम तळमजल्यावरच्या माझ्या मित्राने केलं होतं. त्यानंतर दहावी होईपर्यंत त्याला सगळे शहजादीच म्हणायचे. मी खलाशी क्रमांक तीन. मला एकच वाक्य होतं, "पगार नाही, तर काम नाही!" खरं सांगतो, प्रेमाच्या प्रवेशापेक्षा मोठी टाळी माझ्या वाक्याला पडली. समोर बसलेल्या निम्म्या माणसांच्या घरात आठ महिने पगार आला नव्हता.

पुढे कितीतरी वर्षांनी मी या गोष्टीच्या मागे लागलो. वाटलं होतं, मास्तरांनी सगळं मनाचंच लिहिलं असेल. पण नाही. बंड खरं निघालं. पगाराचं भांडण खरं निघालं. खजिनाही खरा. आणि गोष्टीचा एक धागा थेट आपल्या मुंबईत, कोटात येऊन पोचला. खोटं निघालं ते फक्त प्रेम. ते कसं खोटं, कुणी रचलं, आणि त्याच्याखाली काय झाकलं गेलं, ते आज सांगायचं आहे.

आधी जहाज. त्याचं नाव गंज-ए-सवाई. गंज म्हणजे खजिना. आपण गवताची गंजी म्हणतो ना, तसाच रचलेला ढीग. आणि सवाई तर आपल्या घरचाच शब्द, सवाई माधवरावांच्या नावातला. म्हणजे सव्वापट, इतरांहून वरचढ खजिना. इंग्रजांना हे नाव काही म्हणता येईना, त्यांनी त्याचं 'गन्सवे' करून टाकलं. सुरत बंदरातलं हे सर्वांत मोठं जहाज, बादशहाच्या मालकीचं, दरवर्षी मक्केच्या वाटेला जाणारं. जाताना हिंदुस्थानचा माल आणि हाजचे यात्रेकरू न्यायचं. मोखा आणि जेद्दा इथे माल विकून त्याचं सोनं-रुपं घेऊन यायचं. या येण्या-जाण्याचं वेळापत्रक बादशहाच्या हातात नव्हतं, वाऱ्याच्या हातात होतं. हिवाळ्यात वारा जमिनीकडून समुद्राकडे, तेव्हा जायचं. पावसाळा सरता सरता वारा उलटा, तेव्हा परतायचं. आपले कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होड्या लोटतात, साधारण त्याच सुमाराला तिकडून हाजची जहाजं सुरतेच्या दिशेने निघालेली असायची. त्यामुळे त्यांना गाठायचं असेल तर फार शोधाशोध लागत नव्हती. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, बाब-एल-मंदेबला, ऑगस्टमध्ये नांगर टाकून बसायचं, बस्स.

आता बंड. ते या जहाजावर झालंच नाही. झालं हजारो मैल दूर, स्पेनमध्ये, ला कोरुन्या बंदरात, मे १६९४ मध्ये. लंडनच्या काही धनिकांनी चार जहाजांचा एक काफिला उभा केला होता. वेस्ट इंडीजला जायचं, स्पॅनिश वसाहतींना हत्यारं विकायची आणि बुडालेल्या गलबतांतला खजिना वर काढायचा, असा बेत. त्यातलं मुख्य जहाज चार्ल्स दुसरा, शेहेचाळीस तोफांचं. करार होता की पगार दर सहा महिन्यांनी मिळेल. काफिला कोरुन्याला येऊन पडला आणि स्पेनच्या परवान्याची वाट बघत तिथेच कुजत बसला. महिन्यावर महिने. पगार नाही, घरी जाता येत नाही, जहाजावरून हलता येत नाही.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण या गोष्टीतल्या पहिल्या बायका इथे येतात आणि मास्तरांच्या नाटकात त्या नव्हत्या. खलाशांच्या बायका लंडनमध्ये होत्या. नवऱ्यांनी चिठ्ठ्या पाठवून कळवलं होतं की आम्ही इथे अडकलो आहोत. त्या बायका काफिल्याच्या मुख्य भांडवलदाराकडे, सर जेम्स हुब्लन यांच्याकडे गेल्या. पगार द्या, नाहीतर आमची माणसं परत द्या. त्याने सांगितलं, जहाजं आता स्पेनच्या राजाच्या हवाली आहेत. तो त्यांना पैसे देवो नाहीतर फाशी देवो. ज्यांनी ब्याऐंशी साली गिरणीच्या फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या आपल्या आया पाहिल्या आहेत, त्यांना हा दिवाणखाना कसा असेल ते मी वेगळं सांगायला नको.

तर ७ मेच्या रात्री चार्ल्सवरच्या लोकांनी जहाज पळवलं. पुढारी होता जहाजाचा पहिला मेट, हेन्री एव्हरी. बाजूच्या जहाजावरही काही लोक फितूर होते. त्यांना न्यायला आलेल्या होडीची खूण ठरली होती. होडी जहाजाला लागली की विचारायचं, तो दारुडा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, जहाजावर आहे का? ज्याला कळायचं त्याला कळलं. ज्याला कळलं नाही, त्या बाजूच्या जहाजाच्या कप्तानाने आरडाओरडा केला की माझी माणसं पळताहेत, तर एव्हरीने अंधारातून उत्तर दिलं, ठाऊक आहे मला. बंदरातल्या किल्ल्यावरून गोळे सुटले, पण तोवर शिडं फुगली होती. चार्ल्सचा कप्तान गिब्सन आजारी, बिछान्यात. एव्हरी त्याच्याकडे गेला आणि म्हणाला की मी नशीब काढायला निघालो आहे, यायचं तर चल. तो नाही म्हणाला. मग त्याला आणि ज्यांना यायचं नव्हतं त्यांना होडीत बसवून किनाऱ्याकडे धाडलं. वैद्याला मात्र सोडलं नाही. हे मला फार खरं वाटतं. कप्तान नसला तर जहाज चालतं, पण वैद्य नसेल तर माणसं मरतात.

या सगळ्यात एकही माणूस मेला नाही. नाटकातलं बंड आम्ही लाकडी तलवारींनी दहा मिनिटं लढलो होतो. खरं बंड बऱ्यापैकी शांततेत उरकलं. जहाजाचं नाव बदलून फॅन्सी ठेवलं आणि मंडळी आफ्रिकेला वळसा घालून आपल्या समुद्रात आली.

आणि मग पहिल्यांदा मुंबईचा संबंध येतो. फेब्रुवारी १६९५ मध्ये एव्हरीने कोमोरो बेटांत एक पत्र मागे ठेवलं, सगळ्या इंग्रज कप्तानांच्या नावे. मी इंग्रजांना किंवा डचांना आजवर हात लावलेला नाही, लावणारही नाही. मात्र माझी माणसं भुकेली आहेत, धीट आहेत, ती माझ्या आवाक्याबाहेर गेली तर माझा इलाज नाही, असा मजकूर. हे पत्र ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी मुंबईला आणलं. गव्हर्नर सर जॉन गेयर यांनी ते विलायतेला रवाना केलं. म्हणजे उन्हाळ्यातच कोटातल्या मंडळींना ठाऊक होतं की एक मोठं इंग्रजी जहाज या भागात घिरट्या घालतंय. इंग्रजांना सोडणार, डचांना सोडणार, मग या समुद्रात उरलं कोण? पण पत्र पुढे पाठवलं की आपलं काम झालं. सरकारी टपालाचा हा स्वभाव फार जुना आहे.

सप्टेंबर १६९५. चाच्यांनी आधी सुरतेचा कुबेर अब्दुल गफूर याचं फतेह मोहम्मद पकडलं. मग पुढे गंज-ए-सवाई दिसलं. सुरत आठ-नऊ दिवसांवर राहिली होती.

पुढचं सगळं खाफी खान या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. तो म्हणतो, जहाजावर ऐंशी तोफा आणि चारशे बंदुका होत्या. इतकी तयारी असताना हे चाच्यांच्या हाती लागायला नको होतं. पण पहिलीच तोफ डागली ती फुटली, आपलीच तीन-चार माणसं गेली. त्याच वेळी शत्रूचा गोळा मधल्या डोलकाठीला लागला. शिडाच्या जहाजाची डोलकाठी मोडली म्हणजे घोड्याचा पाय मोडला. इंग्रज वर चढले. खाफी खान चिडून लिहितो की या लोकांना तलवार धड चालवता येत नाही, नाखुदाने थोडा जरी जोर धरला असता तरी ते हटले असते. नाखुदा म्हणजे कप्तान. आपल्या कोळ्यांचा नाखवा त्याच शब्दातून आला. पण हा नाखुदा, इब्राहिम त्याचं नाव, खाली पळाला. तिथे त्याने मोख्याला विकत घेतलेल्या तुर्की दासी होत्या. त्यांच्या डोक्यांना त्याने पागोटी बांधली आणि त्यांना वर लढायला पाठवलं.

या पागोट्यांपाशी मी दरवेळी अडतो. नाटकात आम्ही काय केलं होतं? मुलाला लुगडं नेसवून शहजादी केली होती आणि प्रेक्षक हसले होते. इथे मुलींच्या डोक्यावर पुरुषांची पागोटी आली, आणि ज्याने बांधली तो खाली अंधारात बसून राहिला.

चाचे जहाजावर आठवडाभर होते. लूट किती? खाफी खान म्हणतो बावन्न लाख रुपयांचं सोनं-रुपं. कंपनीचा आकडा वेगळा, मोगलांच्या दाव्याचा वेगळा. पैसे कुठे ठेवलेत ते सांगावं म्हणून माणसांचे हाल केले. बायकांवर अत्याचार झाले. काहींनी समुद्रात उड्या घेतल्या, काहींनी सुऱ्या-कट्यारींनी जीव दिला. हाजहून परतणाऱ्या बायका होत्या त्या. घर आठ-नऊ दिवसांवर आलेलं.

जहाज सुरतेला पोचलं आणि शहर खवळलं. चाचे इंग्रज, म्हणजे वखारीतले इंग्रज त्यांना सामील, असा सरळ हिशेब. वखारीचा प्रमुख सॅम्युअल ॲन्स्ली आणि बाकीच्यांच्या पायांत बेड्या पडल्या. बादशहा तेव्हा दिल्लीत नव्हता, आपल्याकडे होता. भीमेच्या काठी, मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला त्याची छावणी पडली होती. राजाराम महाराज जिंजीला, संताजी आणि धनाजी त्याच्या फौजांना घोळात घेताहेत, आणि त्यात ही बातमी. त्याने मुंबई जिंकून घ्यायची भाषा सुरू केली.

मुंबईची छाती धडधडायला कारण होतं. सहाच वर्षांपूर्वी, १६८९ मध्ये, जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान माझगाव, माहीम घेऊन कोटाला वेढा घालून बसला होता. १६९० मध्ये कंपनीने बादशहाकडे नाक घासून दीड लाख रुपये दंड भरला तेव्हा कुठे तो हलला. त्या वेढ्यातून शहर अजून नीट उठलं नव्हतं. एशियाटिकच्या पायऱ्यांवर बसून मागे पाहिलं तर नौदलाची भिंत दिसते. गव्हर्नरांचा तो जुना किल्ला त्या भिंतीआड आहे. त्या जागेला आज नाव आहे आयएनएस आंग्रे. इंग्रज गव्हर्नरांनी ज्याच्या नावाने पुढे रात्री जागवल्या, त्या कान्होजींचं नाव त्यांच्याच घरावर. हा विनोद नौदलाने मुद्दाम केला असेल असं मला वाटत नाही, पण मला तो फार आवडतो.

खुद्द खाफी खान त्या किल्ल्यात येऊन गेला आहे. तो तेव्हा राहिरीच्या, म्हणजे आपल्या रायगडाच्या, मोगल फौजदाराच्या कामासाठी सुरतेहून तिकडे चालला होता. वाटेत मुंबईच्या इंग्रजांनी बोलावून घेतलं. दारापासून दोन्ही बाजूंना बारा-चौदा वर्षांची पोरं, अंगावर चांगले कपडे, खांद्यावर उत्तम बंदुका, अशी उभी केलेली त्याने पाहिली. पाहुण्याला आपण किती बळकट आहोत ते दाखवायचं होतं. गळाभेट झाली, खुर्ची दिली, मग जहाजाचा विषय निघाला. इंग्रज म्हणाला, ते आमचे नव्हेत. खाफी खानाने त्याला तुमच्या राजाच्या नावाचे रुपये तुम्ही का पाडता, तेही विचारलं. उत्तर मिळालं, बादशहाची नाणी वजनाला कमी भरतात. काय धीर म्हणायचा.

त्याच किल्ल्यातून ऑक्टोबर १६९५ मध्ये गेयर यांनी विलायतेला एक पत्र लिहिलं. गन्सवेवर काय झालं ते त्यात आहे. चाच्यांनी लोकांशी रानटीपणा केला हे निश्चित, असं तो म्हणतो. आणि मग लिहितो, जहाजावर एका मोठ्या उमरावाची बायको होती, ऐकतो ते असं की बादशहाच्या नात्यातली. म्हातारपणी मक्केची यात्रा करून परतत होती. तिचे त्यांनी फार हाल केले.

ऐकलंत, श्रोतेहो? म्हातारपणी. शहजादीची सगळी गोष्ट जिच्यावरून निघाली असावी, ती बाई म्हातारी होती. आणि हे लिहिणारा बादशहाचा माणूस नव्हता, इंग्रज गव्हर्नर होता. आपल्याच लोकांवर असा आरोप उगाच कोण लिहील?

मग नात आली कुठून? लंडनहून. एव्हरी बहामात गेला, तिथल्या गव्हर्नरला लाच चारली, १६९६ मध्ये गायब झाला तो कायमचा. त्याच्यावर पाचशे पौंडांचं बक्षीस लागलं, कंपनीने ते दुप्पट केलं, तरी तो सापडला नाही. माणूस सापडला नाही की गोष्ट सुटते. १७०९ मध्ये लंडनात त्याच्या चरित्राची पुस्तिका निघाली, १७१२ मध्ये ड्रुरी लेनच्या नाटकगृहात त्याच्यावर नाटक झालं. त्याने बादशहाच्या घरची मुलगी केली, मादागास्करला राज्य थाटलं, अशा कथा लोक चवीने ऐकू लागले. चाळीतला आमचा प्रयोग म्हणजे त्या नाटकाचा दोनशे सत्तर वर्षांनी निघालेला पणतू.

आता औरंगजेबाच्या घरचं पाहा. थोरली मुलगी झेबुन्निसा १६८१ पासून सलीमगडावर कैदेत. दुसरी झीनतुन्निसा, येसूबाई आणि बाळ शाहू कैदेत असताना त्यांना मायेने वागवणारी म्हणून आपण जिला ओळखतो. ती बापाबरोबर दख्खनेत छावणीत होती, वय बावन्न, लग्न केलेलं नाही. चाच्यावर भाळायला या घरातून कोण गेलं असेल, तुम्हीच सांगा.

पकडले गेले ते लहान मासे. जॉन डॅन नावाचा एक खलाशी रॉचेस्टरला एका खाणावळीत उतरला होता. मोलकरणीने त्याचं जाकीट उचललं तर ते उचलेना. एक हजार पंचेचाळीस पौंडांचं सोनं अस्तरात शिवलेलं. तो माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. बाकी सहा जणांवर ऑक्टोबर १६९६ मध्ये लंडनला खटला चालला. पहिला आरोप, गंज-ए-सवाई लुटल्याचा. ज्यूरीने ठरवलं, निर्दोष! न्यायालय हादरलं, कारण बादशहाला दाखवायला फाशी तर हवी होती. मग दुसरा खटला भरला. आरोप, चार्ल्स जहाज पळवल्याचा. याला मात्र दोषी ठरवलं. पाच जणांना २५ नोव्हेंबरला थेम्सच्या काठी फाशी दिलं.

म्हणजे कागदावर पाहिलं तर ती माणसं फासावर गेली ती मालकाचं जहाज पळवलं म्हणून. आठवडाभर त्या दुसऱ्या जहाजावर जे चाललं, त्याबद्दल कुणालाच शिक्षा नाही.

परवा हे भाषण लिहिताना मी शहजादीला फोन केला. आता तो बदलापूरला असतो, निवृत्त झालाय. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "म्हणजे मी जहाजावर नव्हतेच?" आम्ही दोघंही हसलो. मग जरा वेळाने म्हणाला, "अरे, पण त्या म्हातारीचं पुढे काय झालं?"

गेयरचं पत्र माझ्यासमोरच होतं. त्याला वाचून दाखवलं. तिचे हाल झाले, आणखी बायकांवर बळजबरी झाली, एका घरंदाज माणसाच्या बायकोने आणि दाईने जीव दिला, इथवर लिहून झाल्यावर गव्हर्नर लगेच पुढच्या वाक्याला लागतो. हे सगळं दरबारात काळा ढग उठवील, आणि त्यातून मोठं वादळ न होवो म्हणजे झालं.

नमस्कार.